टिपणिसांच्या गाडीचा हिवाळा

मुलुंडला हिवाळा येतो असं म्हणणारा माणूस एकतर हवामान खात्यात असतो किंवा काहीतरी लपवत असतो. मधुकरराव टिपणीस विमा कंपनीतून स्वेच्छानिवृत्त झाले होते. हवामान खात्याशी त्यांचा संबंध छत्रीपुरता. तरीही नोव्हेंबरातल्या एका सकाळी, बनियन घामाने पाठीला चिकटलेलं असताना, ‘नवप्रभात’ सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून त्यांनी जाहीर केलं, की आपण आपली गाडी हिवाळ्यासाठी बंद करून ठेवणार.

“कशासाठी?” भाऊ गुप्त्यांनी विचारलं. भाऊ सोसायटीचे अध्यक्ष. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना ऐकू उत्तम येतं, पण प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकायला आवडते.

“हिवाळ्यासाठी. जर्मनीत वगैरे ठेवतात तशी. असल्या गाड्या तिकडे थंडीत काढतच नाहीत.”

“थंडीत,” भाऊ म्हणाले, आणि कपाळावरचा घाम बोटाने निपटून त्यांनी तो जमिनीवर झटकला. “मधू, काल रात्री मी ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपलो रे.”

गाडी पिवळी होती, दोन दारांची आणि इतकी बुटकी, की आत बसण्यासाठी आधी वाकावं लागे आणि मग पडावं लागे. ती पाच सेकंदांत शंभरचा वेग गाठते असं माहितीपत्रकात होतं. मुलुंडमध्ये ती पाच मिनिटांत टोलनाक्यापर्यंत पोचली तरी बातमी. मधुकररावांनी ती निवृत्तीनंतर, दुसऱ्या हाताची का होईना, पण स्वतःच्या हिमतीवर घेतली होती. आयुष्यभर लोकांना अपघाताच्या शक्यता समजावून सांगितलेला माणूस, त्याला एकदा तरी स्वतः एक शक्यता व्हायचं होतं.

ती इच्छा ऑगस्टमध्ये पुरी झाली. ऐरोलीच्या सिग्नलला गाडी उभी असताना मधुकररावांना फिट आली. शेजारी मृणालिनीबाई होत्या. दिवा हिरवा झाला तरी हे हलेनात म्हणून त्यांनी पाहिलं, तर नवरा आधी ताठ झाला आणि मग थडथड उडू लागला. त्यांनी उजव्या हाताने हँडब्रेक ओढला आणि तो सोडलाच नाही. मागे हॉर्नचा कल्लोळ उसळला. एका रिक्षावाल्याने खिडकीत वाकून पाहिलं, “काका, झोपले काय?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तो निघून गेला. मधुकररावांना यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांच्या हिशेबी दिवा लाल होता, आणि मग एकदम घाटकोपरच्या हॉस्पिटलचं छत होतं.

मेंदूचे डॉक्टर वयाने त्यांच्या पुतण्याएवढे. त्यांनी गोळ्या दिल्या आणि नियम सांगितला. “एक वर्ष गाडी चालवायची नाही. वर्षभरात काही झालं नाही तर विचार करू. मधे पुन्हा आली, तर वर्ष पहिल्यापासून.”

सापशिडी लहानपणी मधुकररावांना आवडत असे. तिच्यात साप दिसायचे तरी.

“विकून टाका,” मृणालिनीबाई घरी येता येता म्हणाल्या.

“वर्षाने लागेल.”

“आणि नाही लागली तर?”

गाडी पार्किंगमध्ये असली, की मधुकरराव गाडी न चालवणारे गृहस्थ होते. गाडी गेली की ते गाडी चालवू न शकणारे गृहस्थ होणार. हा फरक त्यांना बायकोला समजावून सांगता आला नाही. तिला तो समजला होता, ही त्यातली जास्त त्रासाची गोष्ट.

सोसायटीला तर सांगायची सोयच नव्हती. नवप्रभातमध्ये माणसाला आडनाव असतं ते पोस्टमनसाठी. एरवी ‘बायपासवाले जोशी’ असतात, ‘जावई परत पाठवलेले वैद्य’ असतात. उद्या ‘फिटवाले टिपणीस’ झालं, की लिफ्टमध्ये नुसती जांभई दिली तरी कुणीतरी नाकाला चप्पल लावणार. कांदा मिळाला तर कांदा. सुशिक्षितांची वस्ती असल्यामुळे चप्पल ब्रँडेड असेल, एवढंच समाधान. म्हणून मधुकररावांनी आजारपण दडवलं आणि हिवाळा शोधून काढला.

हिवाळी बंदोबस्ताची सगळी विद्या त्यांनी एका जर्मन गृहस्थाच्या व्हिडिओतून मिळवली. त्या गृहस्थाच्या दारात गुडघाभर बर्फ होता आणि त्याचं गॅरेज ऑपरेशन थिएटरपेक्षा स्वच्छ होतं. गाडी धुवा, मेण लावा, टाकी काठोकाठ भरा, बॅटरी काढा, चाकं अधांतरी करा, धुराड्यात तारेचा गोळा कोंबा, वर श्वास घेणारं आवरण घाला. गाडीने श्वास का घ्यायचा, हे त्याने सांगितलं नव्हतं. मधुकररावांनीही विचारलं नाही. त्या दिवसांत श्वास घेणारी कुठलीही गोष्ट त्यांना आपल्या बाजूची वाटत होती.

काम सुरू होताच सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या नंदा सामंत, मूळच्या मालवणच्या, भाजीची पिशवी खाली ठेवून कमरेवर हात घेऊन उभ्या राहिल्या. सोसायटीतली कुठलीही बातमी त्यांच्याकडून निघते किंवा त्यांच्याकडे येऊन विसावते.

“भावोजी, थंडीचा सोडा. उंदीर वायरी खातत! माझ्या भावाच्या गाडीत बाळंतपण केल्यानी उंदरीन. तंबाखू ठेवा आत.”

“तंबाखू नको, डांबरगोळ्या,” भाऊ म्हणाले.

“कापूर,” वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं. खाली काय चाललंय याची त्याला कल्पना नव्हती, पण कापूर कशालाही चालतो अशी त्याची श्रद्धा असावी.

मधुकररावांनी कुणाचंच मन मोडलं नाही. परिणामी आठवड्याभरात त्या जर्मन बनावटीच्या गाडीला भजनी मंडळाच्या कपाटाचा वास येऊ लागला. धुराड्यासाठी मृणालिनीबाईंच्या भांडी घासायच्या तारेच्या घासण्यांचं कोरं पाकीट गेलं. बॅटरी लिफ्टमधून वर आली आणि पाहुण्यांच्या खोलीत, पाहुण्यांच्या पलंगावर, वर्तमानपत्र अंथरून चार्जरला लागली. तिचा हिरवा दिवा उघडझाप करत राही.

“पाहुणे आले तर?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“आपल्याकडे कोण येतंय?”

“ती आली ना,” असं म्हणून त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं.

गाडी उचलायला एलबीएस रोडवरच्या गॅरेजमधून सिद्धेश आला. पंचविशीतला, आत्मविश्वास गाडीपेक्षा वेगवान. त्याने जॅक लावून एकेक चाक उचललं आणि खाली चार लोखंडी घोड्या दिल्या. चाकं हवेत लोंबकळू लागली. “झकास! आता ही दहा वर्षं हलत नाही, काका,” तो म्हणाला. मधुकररावांना हे वाक्य आवडलं नाही.

वर राखाडी आवरण चढलं तेव्हा भाऊ दोन पावलं मागे सरकले आणि त्यांचे हात नकळत जोडले गेले. सवयीने. त्यांच्या वयाच्या माणसाला झाकलेलं काहीही दिसलं तरी हात जुळतात. “चांगलं केलंस,” ते म्हणाले. नंतर त्यांना आठवलं, की इथे कुणी गेलेलं नाही, आणि ते चहाला निघून गेले.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग सेक्रेटरी अंबादास बिडवे आले. बिडवे मंत्रालयातून निवृत्त झाले होते, पण मंत्रालय त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं.

“टिपणीस, तुमचं वाहन कोणत्या वर्गात धरायचं?”

“म्हणजे?”

“उपविधीत तीनच वर्ग आहेत. चालू, नादुरुस्त आणि बेवारस. चालू वाहनाने महिन्यातून एकदा तरी फाटकाबाहेर जाऊन यावं लागतं. नादुरुस्त वाहनाला एक महिना मुदत. त्यानंतर ते बेवारस. जागा काढून घेतो आपण. महापालिकेला फोटो पाठवून मी अशा कितीतरी गाड्या गोरेगावच्या गोडाऊनमध्ये टाकल्यात.”

“अहो, ही हिवाळी विश्रांती आहे!”

“असा वर्ग नाही. तुम्ही अर्ज करा. सोबत हिवाळ्याचा पुरावा जोडा.”

“हिवाळ्याचा पुरावा?”

“आत्ता किती तापमान आहे?” बिडव्यांनी फोन काढला. “तेहतीस. बघा, माझ्या हातात काही नाही.”

गाडी बाहेर जाऊन आली पाहिजे, म्हणजे ती कुणीतरी चालवली पाहिजे. मृणालिनीबाईंना चालवता येत नव्हती. मधुकररावांना स्वतःला येत होती, हेच तर सगळं दुखणं होतं. शेवटी डिसेंबर उजाडताच सिद्धेशला पुन्हा बोलावलं. घोड्या निघाल्या, चाकं जमिनीवर आली, बॅटरी पलंगावरून उठून लिफ्टने खाली गेली.

“काका, तुम्हीच चालवा ना. मी बाजूला बसतो, मजा बघतो.”

“गुडघा,” मधुकरराव म्हणाले.

“ऑटोमॅटिक आहे. एकाच पायाचं काम.”

“तोच गुडघा.”

सिद्धेशने बटण दाबलं. इंजिनाने खाकरा काढला, पण धूर बाहेर पडेना. तसा त्याने ॲक्सिलरेटर दाबला. धुराड्यातल्या घासण्या सगळ्यांच्या डोक्यातून गेल्या होत्या. तोफ सुटावी तसा आवाज झाला आणि घासण्यांचा एक काळा गोळा पार्किंग ओलांडून बिडव्यांच्या स्कूटरच्या दिव्यात घुसला. दिवा फुटला. बिडवे स्कूटर पुसत शेजारीच उभे होते. त्यांनी ती घासणी दोन बोटांत धरून बराच वेळ न्याहाळली. पुरावा मिळाला की त्यांचा चेहरा निवळत असे.

गाडी फाटकाबाहेर गेली, वळली, आत आली. वॉचमनने नोंद केली. मधुकररावांनी दिव्याची भरपाई केली आणि माफी मागितली. घोड्या पुन्हा लागल्या, आवरण पुन्हा चढलं, बॅटरी पुन्हा पलंगावर गेली. दर महिन्याला हे असं करत आपण पुढच्या ऑगस्टपर्यंत कसे पोचणार, हे त्यांना कळेना. पण पोचायचं होतं एवढं खरं.

त्याच आठवड्यात त्यांना गाडीत जाऊन बसायची सवय लागली. दिवेलागणीला मृणालिनीबाई नंदाताईंबरोबर भाजीला जात. त्या गेल्या, की हे खाली येत, खांबाआडच्या बाजूने आवरण उचलत, दार उघडत आणि आत पडत. आवरणातून राखाडी उजेड झिरपे. कापराचा वास. हात स्टिअरिंगवर. चाकं जमिनीपासून वीतभर वर. कुठल्याच डॉक्टरने याला गाडी चालवणं म्हटलं नसतं. मधुकरराव मनातल्या मनात घोडबंदरपर्यंत जात आणि वाहतूक बरी असेल तर परत येत.

एका मंगळवारी ते परत आले तेव्हा तोंडात रक्ताची चव होती.

राखाडी उजेड जाऊन काळोख झाला होता. मान आखडली होती. जीभ डाव्या कडेला चावली गेली होती आणि पॅंट ओली होती. मग त्यांनी एकेक गोष्ट निकालात काढली. अंधार, तर डुलकी लागली होती. जीभ, तर शेंगदाणे खाल्ले होते. शेंगदाणे खाल्ले नव्हते, पण खाता आले असते. पॅंटला स्पष्टीकरण सापडेना, म्हणून त्यांनी ती घरी जाऊन स्वतः धुतली आणि सीट उशीच्या अभ्र्याने पुसून काढली. विमा कंपनीत असताना असला दावा त्यांनी पहिल्या पानावरच फेटाळला असता. आता मात्र त्यांनी तो मंजूर केला, सही केली आणि फाइल बंद केली. वर्ष मोडलं नव्हतं.

जेवताना त्यांनी आमटी बाजूला सारली.

“तिखट झालीय का?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“नाही. भूक नाही.”

त्यांनी नवऱ्याकडे जरा जास्तच पाहिलं.

गुरुवारी फलकावर सूचना लागली. ‘पार्किंगमधील झाकलेल्या वाहनात अशोभनीय हालचाली आढळल्या आहेत. सबब रविवारी सकाळी विशेष सभा.’ सोसायटीत झाकलेलं वाहन एकच होतं. मंगळवारी संध्याकाळी बिडवे स्कूटरचा नवा दिवा बसवत असताना त्यांना आवरण हलताना दिसलं होतं. सभ्य माणूस असल्यामुळे त्यांनी ते उचललं नाही. वर जाऊन कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. कर्तव्य म्हणून चार वेळा.

रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मुंगी शिरायला जागा नव्हती. पाण्याच्या टाकीच्या सभेला कोरम होत नाही. नीतीच्या सभेला खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या. भाऊ अध्यक्षस्थानी होते. बिडव्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर राखाडी आवरण होतं. खांबामुळे दार दिसत नव्हतं. मग आवरण थरथरलं, हादरू लागलं, घोड्यांवर गाडी खडखड डुलली, हळूहळू मंदावली आणि थांबली.

“एवढंच?” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

“प्रश्न कालावधीचा नाही, नीतीचा आहे!” बिडवे कडाडले. “टिपणीस, गाडी तुमची. आत कोण होतं?”

“मी होतो.”

“आणि?”

मधुकररावांनी आयुष्यात एवढा जलद हिशेब कधी केला नव्हता. एकटाच होतो म्हटलं, तर पुढचा प्रश्न ‘मग हलत काय होतं?’ हा येणार. त्याला खरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की वर्ष गेलं, गाडी गेली, चप्पल आली. नाही दिलं, तर फक्त चारित्र्य जात होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी चारित्र्य गेलेला माणूस निदान धडधाकट समजला जातो.

“मला यावर काही बोलायचं नाही,” ते म्हणाले.

खोलीत अशी शांतता पसरली, जी फक्त परम आनंदात पसरते. सगळ्यांनी मृणालिनीबाईंकडे पाहिलं. त्या दुसऱ्या रांगेत, नंदाताईंच्या शेजारी बसल्या होत्या.

“बिडवे,” त्या म्हणाल्या, “पुन्हा लावा.”

“वहिनी, कशाला उगीच...”

“लावा म्हणते ना.”

बिडव्यांनी लावलं. मृणालिनीबाई पडद्याकडे बघत होत्या आणि मधुकरराव मृणालिनीबाईंकडे. आधी नुसती थरथर. मग ते हादरे, ठरावीक अंतराने येणारे, एकाही माणसाच्या इच्छेने न येणारे. मृणालिनीबाईंचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला आणि तिथेच आवळला गेला. चित्रण संपलं तरी तो सुटला नाही. मधुकररावांनी मान खाली घातली. या खोलीत आता दोन जणांना माहीत होतं.

मृणालिनीबाई उठल्या.

“मी होते,” त्या म्हणाल्या.

“काय?” भाऊंनी विचारलं. या वेळी त्यांना दोनदा ऐकायचा पुरेपूर हक्क होता.

“यांच्याबरोबर गाडीत मी होते.”

नंदाताईंचं तोंड उघडलं. मंगळवारी त्या वेळी मृणालिनीबाई त्यांच्या शेजारी उभं राहून मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. मेथी अजून नंदाताईंच्या फ्रिजमध्ये होती. त्यांनी शेजारणीकडे पाहिलं, तिच्या दांड्यावर आवळलेल्या हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. आणि तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

“नवरा-बायको आसत ती, बिडवे,” त्या म्हणाल्या. “तुमका काय त्रास होता?”

“त्रास नाही, पण घर असताना...” भाऊ प्रामाणिक कुतूहलाने म्हणाले. “म्हणजे, घरात का नाही गं?”

“घरात बॅटरी आहे,” मृणालिनीबाई म्हणाल्या.

हशाने छत हललं. त्या हसल्या नाहीत. मधुकररावांना वाटलं, आता आपण हसलं पाहिजे. त्यांनी प्रयत्न केला. जिभेची डावी कड दातांना लागली.

बिडवे मात्र नियमाचा माणूस. त्यांनी ठराव वाचला. यापुढे झाकलेल्या वाहनात बसायचं झाल्यास आवरण काढून बसावं. “आणि,” त्यांनी अनिच्छेने पुढे लिहिलं, “सदर वाहन वापरात असल्याचं सिद्ध झाल्यामुळे ते ‘चालू’ वर्गात धरण्यात यावं. दरमहा बाहेर काढण्याची आवश्यकता नाही.”

टाळ्या पडल्या. जागा वाचली. कुणीतरी मधुकररावांच्या पाठीवर थाप मारली, “छुपे रुस्तम, यार तुम्ही!” वैद्यांनी, ज्यांनी जावई परत पाठवला होता, त्यांचा हात धरून बराच वेळ हलवला.

लिफ्टमध्ये दोघंच होते. मृणालिनीबाई आकड्यांकडे बघत होत्या.

“डॉक्टरांना तुम्ही सांगताय की मी?”

“कुणाला कळलं नाहीये, मृणाल.”

“मला कळलंय.”

“वर्ष पहिल्यापासून सुरू होईल गं.”

“होऊ दे.”

“आणि परत आली तर? तेव्हा मी साठीचा असेन.”

लिफ्ट थांबली. दार उघडलं. मृणालिनीबाईंनी पाय बाहेर टाकला नाही, दार बंद होऊ नये म्हणून हात मात्र मधे धरला.

“रिक्षावाला निघून गेला होता तेव्हा,” त्या म्हणाल्या. “मागे सगळे हॉर्न वाजवत होते आणि मी तो ब्रेक धरून बसले होते. मंगळवारी तुम्ही एकटे होतात. पुढच्या वेळी एकटे असलात, तर मी काय भाजी आणत बसू?”

मधुकररावांनीही दाराला हात लावला.

सोमवारी दवाखाना उघडायच्या वेळेला त्यांनी फोन लावला. मृणालिनीबाई समोर मेथी निवडत होत्या. नंदाताईंनी अर्धी जुडी सकाळीच, एकही प्रश्न न विचारता, दारात आणून दिली होती. पलीकडे रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, पेशंट नवीन की जुने?

“जुना,” मधुकरराव म्हणाले.

“बरं. आणि शेवटची फिट ऑगस्टमध्ये ना? तसंच ठेवू?”

मृणालिनीबाईंचे हात थांबले.

“नाही,” मधुकरराव म्हणाले. “मंगळवार टाका.”